ताईंचे चौदा आठवडे

ताई एकोणीस वर्षं दात करत होत्या. दात म्हणजे कवळ्या. शहरातले दंतवैद्य जबड्याचं माप घेऊन पाठवत. त्या मापावरून मेणात एकेक दात बसवायचा, साचा ओतायचा, गुलाबी हिरडी तयार करायची, घासूनपुसून चकचकीत झालेली कवळी डबीत घालून परत पाठवायची, हे ताईंचं काम. प्रयोगशाळा म्हणायला प्रयोगशाळा. तशी ती तळघरातली एक लांबट खोली होती. खिडकी छताला टेकलेली, बाहेर फुटपाथ, त्यामुळे दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. मालकांपासून ते प्लास्टर कालवणाऱ्या, वयाने चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईंपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं. वरच्या पुढच्या दातांपैकी एखादा केसभर तिरका बसवला की कवळी खोटी वाटत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंची कवळीही त्यांनीच केली होती. "माझ्यावर ओरडायलासुद्धा त्यांना माझेच दात लागतात," असं ताई प्रयोगशाळेत म्हणायच्या. हे फिरत फिरत सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग जरा धारदार करायचे होतेस की."

एकोणिसाव्या वर्षी बोटांच्या टोकांची कातडी फुटायला लागली. आधी थंडी म्हणून सोडून दिलं. थंडी गेली तरी भेगा मिटेनात. हातमोजे घातले, एकावर एक दोन घातले, उपयोग शून्य. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि एक लाल चट्टा आरशात दाखवला.

"हिरडी ज्या द्रवापासून करता ना, त्याचं आणि तुमच्या कातडीचं आता जमायचं नाही."

"मलम नाही का काही?"

"मलमाने भेगा भरतील. परत हात लावलात की परत फुटतील. काम बदला."

बेचाळिसाव्या वर्षी 'काम बदला' हे जोडे बदला म्हटल्यासारखं सांगितलं गेलं. मालक भला माणूस. त्यांनी ताईंना डब्या भरायला आणि फोन घ्यायला ठेवून घेतलं. ताई तीन आठवडे फोनपाशी बसल्या. शेजारच्या टेबलावर दुसरं कुणीतरी दात चुकीचे बसवतंय, ते डोळ्यांदेखत बघायचं आणि तोंड मिटून राहायचं, हे काही त्यांच्याने होईना.

त्याच दिवसांत प्रयोगशाळेत जबड्याची मापं कॉम्प्युटरवर घेणारा नवा स्कॅनर आला होता आणि तो आठवड्यातून दोनदा बिघडत होता. त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायला येणारा माणूस गप्पिष्ट होता. बोलता बोलता त्याने सांगितलं, की चार वर्षांपूर्वी तो चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत चपला घालून बघत असे. मग चौदा आठवड्यांचा कोडिंगचा वर्ग केला.

"कठीण असतं का हो?" ताईंनी विचारलं.

"पहिले सहा आठवडे आपण मूर्ख आहोत असं वाटतं."

"आणि नंतर?"

"नंतर खात्री पटते. मग त्याची सवय होते."

ताईंनी पत्ता लिहून घेतला.

घरी तिघंच होती. मुलगी परगावी शिकत होती; ताईंचा नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी रोज त्याच रस्त्याने जातो नि त्याच रस्त्याने येतो. घरातल्या कुणीतरी नव्या रस्त्याला लागलेलं बरं." सासूबाईंनी हिशेब वेगळा घातला. "चौदा आठवडे? स्वयंपाक शिकायला तुला याच्यापेक्षा जास्त लागले होते."

वर्ग एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात नव्या सोफ्यांच्या पॉलिशचा वास भरून राहिलेला. दारातच एक बाई बसत. त्यांचं हसू सकाळी नऊला चेहऱ्यावर चढे ते संध्याकाळी सहाला उतरे. मुलं त्यांना हसऱ्या बाई म्हणत. त्यांनी ताईंची चाळीस मिनिटांची परीक्षा घेतली. कोडी होती: पाच माणसं, पाच खुर्च्या, कोण कुणाशेजारी बसणार नाही वगैरे. ताईंना ती सोपी गेली. तोंडभर दात कमी जागेत बसवणाऱ्या बाईला पाच माणसं बसवायला कितीसा वेळ लागणार?

पण वर्ग सुरू व्हायच्या आधीच एक महिनाभराचा अभ्यास घरी करायचा होता, हे प्रवेश झाल्यावर कळलं. ताईंना टाइप करायचं म्हणजे दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायची सवय. दहा बोटं वापरायला शिकल्या, तीही टोकांना पट्ट्या गुंडाळून. नवरा पहाटे पहिल्या बसला गेला की त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसत. महिन्याच्या शेवटी बोटं धावायला लागली. डोकं मात्र अजून रांगतच होतं.

पहिल्या दिवशी बावीस जण होते. शिकवणारे सर उंच, किडकिडीत, स्वेटरची कोपरं झिजलेली. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना मुद्दाम एक चुकीची ओळ लिहायला लावली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"काय आलं?" त्यांनी ताईंना विचारलं.

"लाल."

"लाल काय?"

"चूक आहे म्हणतंय."

"असं म्हणतंय का? वाचा. मोठ्याने वाचा."

ताईंनी वाचलं. कितव्या ओळीत काय खटकतंय, ते त्यात सरळ लिहिलेलं होतं. चौदा आठवडे सर हेच सांगत राहिले. कुणी रडवेलं होऊन आलं तरी पहिला शब्द 'वाचा'. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव वाचासर पडलं, आणि ते त्यांना माहीत होतं.

रोज सकाळी नऊला सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पहिल्या आठवड्यात कुणाचंच कुठे अडत नव्हतं. पडद्यावरच्या पानावर चौकोन काढायचे, रंग भरायचे, अक्षरं लहानमोठी करायची, यात सगळे रमले. ताईंनी घरी सासूबाईंना पडद्यावर त्यांचंच नाव हिरव्या रंगात दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात खरं कोडिंग सुरू झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या गोलातले निम्मे लोक सांगायला लागले, की कुठे अडलंय हेच कळत नाही. त्या आठवड्यात दोघं गळाले. त्यातले एक भूगोलाचे मास्तर होते. जेवणाच्या सुट्टीत खाली गेले ते परत वर आलेच नाहीत. त्यांचा चार्जर शेवटपर्यंत भिंतीलाच होता.

चौथ्या आठवड्यापासून जोडीने काम. एकाने कीबोर्ड धरायचा, दुसऱ्याने शेजारी बसून काय लिहायचं ते सांगायचं आणि थोड्या वेळाने जागा बदलायच्या. ताईंच्या वाट्याला आली ती चोवीस वर्षांची मुलगी सगळ्या वर्गात वेगवान होती. तिच्या कीबोर्डचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जाई, म्हणून तिला टकटक म्हणत. कॉलेजात तिने यातलं अर्धंअधिक आधीच केलेलं होतं.

"तू कर गं, मी बघते," ताई म्हणाल्या.

टकटक करत गेली. ताई बघत गेल्या, मान डोलावत गेल्या. सगळं समजतंय असं वाटत होतं. काठावर बसून दुसऱ्याला पोहताना बघितलं की पोहण्यात काय कठीण आहे तेच कळेनासं होतं, तसं त्यांचं झालं. जोडीचं काम नेहमी सगळ्यांच्या आधी पुरं होई. सकाळच्या गोलात ताईंचं कुठेच अडत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात परीक्षा झाली, एकेकट्याची, तीन तासांची. माणसांची एक यादी दिली होती. ती पानावर दाखवायची, नाव टाकलं की शोधून द्यायची, वयाप्रमाणे लावायची. टकटकने हे त्यांच्यासमोर कितीदा केलं होतं. ताईंनी कोरं पान उघडलं आणि कीबोर्डवर हात ठेवले. हात तिथेच राहिले. जन्मभर दुसऱ्यांना दात देणाऱ्या बाईंची दातखीळ बसली. तीन तासांत अकरा ओळी झाल्या, त्यातल्या चार चालत होत्या.

चौघं नापास झाले. सरांनी एकेकाला कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बोलावलं. तिथे दोन खुर्च्या आणि एक वाळलेली कुंडी होती.

"ताई, दोन रस्ते आहेत. पुढच्या तुकडीबरोबर पहिल्यापासून सुरू करा, किंवा सोमवारी परत परीक्षा द्या. आज बुधवार."

"सोमवारी देते," ताई म्हणाल्या.

"या दोन आठवड्यांत कीबोर्ड किती वेळा हातात घेतलात?"

"नाहीच घेतला."

"का?"

"ती भराभर करते. मी घेतला की तिचा खोळंबा." मग त्या स्वतःच म्हणाल्या, "आमच्याकडे नवीन माणसाच्या हातात पहिल्या दिवशी मेणाचा गोळा देतात. नुसता बघत बसला तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतात. मीच म्हणायचे."

सरांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. समजूत काढणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

त्या संध्याकाळी ताई घरी येऊन नळाशी भांडी घासत उभ्या राहिल्या. भांडी घासलेलीच होती. नवरा ड्युटीवरून आला, बघत राहिला, मग त्याने नळ बंद केला.

"अहो, मी नापास झाले."

"एकटीच?"

"चौघं."

"मग रांगेत आहेस. लायसन्सच्या परीक्षेला मी तीनदा खांब पाडला होता, माहितेय ना?"

"चौथ्यांदा जमलं ना पण."

"जमलं कसलं. चौथ्यांदा त्यांनी खांबच लांब ठेवला."

ताईंना हसू आलं नाही, पण त्या जेवल्या.

मधल्या चार दिवसांत त्यांनी तोच प्रश्न कोऱ्या पानापासून चौदा वेळा सोडवला. पहिल्या पाच वेळा लाल अक्षरांचा पाऊस. मग त्यांना एक जुनी गोष्ट सुचली. कवळी तोंडात नीट बसत नाही म्हणून कुणी सगळीकडून घासत सुटत नाही. दातांमध्ये निळा कागद धरायचा, चावायला सांगायचं, जिथे निळा ठिपका उमटेल तेवढंच घासायचं आणि परत कागद धरायचा. ताई एका वेळी एकच ओळ बदलू लागल्या. बदलली की चालवून बघायची, लाल वाचायचं, मग पुढची. काम मुंगीच्या पावलाने होत होतं, पण झालेलं बिघडत नव्हतं. सोमवारी त्या पास झाल्या, काठावर. दुसरा एक झाला. उरलेले दोघं नंतर दिसले नाहीत.

मंगळवारी त्यांनी टकटकला सांगितलं, "आजपासून अर्धा वेळ कीबोर्ड माझ्याकडे."

टकटक नाही म्हणाली नाही, पण तिची बोटं टेबलावर वाजत राहिली.

"ताई, मी करू का पटकन?"

"पटकन नको. मला नीट सांग."

"इथे कंस घाला. नाही, आत. आतल्याच्या आत."

"का?"

"असंच असतं ते."

"असंच का असतं पण?"

टकटकलाही माहीत नव्हतं. हात लिहीत होते. का लिहितात ते तिने कधी हातांना विचारलं नव्हतं. दोघींनी शोधून वाचलं. त्या दिवशी त्यांचं काम पहिल्यांदाच सगळ्यांच्या शेवटी पुरं झालं, आणि पुढेही बऱ्याचदा तसंच होत गेलं. टकटकला त्याचा राग होता की नाही ते तिने दाखवलं नाही. एकदा मात्र म्हणाली, "तुम्ही 'का' विचारता ना, मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

शेवटचे चार आठवडे एकाच मोठ्या कामाचे होते. तिघांचे गट. या दोघींत एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ आले. रंगसंगती आणि दिसणं त्यांच्याकडे. विषय ताईंनी आणला. नवऱ्याच्या बस डेपोत विसरलेल्या सामानाची एक खोली होती. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट, कुबड्या, एक व्हायोलिन आणि एक कवळीसुद्धा, जी ताईंनी हातात घेऊन बघितली आणि "ही आमची नाही" म्हणून खाली ठेवली. ते सगळं एक काका वहीत लिहून ठेवत. कुणी विचारायला आलं की पानं उलटत. त्या वहीच्या जागी एक प्रोग्रॅम करायचा ठरलं: वस्तू, रंग, कुठल्या बसमध्ये, कधी, आणि शोधायची सोय. शोधायचा भाग टकटकने घेतला, कारण तो सगळ्यात अवघड होता.

तेराव्या आठवड्यात ताईंच्या हातून घोटाळा झाला. तिघांचं काम एका सामाईक जागी साठवायचं असतं. आपलं ठेवायच्या आधी दुसऱ्यांचं उतरवून घ्यायचं, मग दोन्ही जुळवून ठेवायचं. ताईंनी उतरवून घेतलं नाही. यंत्राने लाल अक्षरांत नको म्हटलं. घाई होती, मागे कुणाला तरी करताना बघितलं होतं म्हणून त्यांनी जबरदस्तीने ठेवायची आज्ञा दिली. ती यंत्राने मुकाट पाळली आणि टकटकचं दोन दिवसांचं काम त्यांच्या जुन्या प्रतीखाली गडप झालं.

ताईंनी लगेच सरांना सांगितलं. सरांनी आधी विचारलं, "लाल काय आलं होतं, वाचलंत?" आणि मग म्हणाले, "तिच्या लॅपटॉपवर प्रत असेल. ती आली की परत ठेवायला सांगा."

पण टकटक त्या दिवशी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजून वाजून बंद होत होता. सादरीकरण पुढच्याच आठवड्यात, बाहेरच्या कंपन्यांची माणसं बघायला येणार. फोटोवाले वैतागले. "तुमच्यावर चिडली असेल."

"तिला माहीतच नाही अजून," ताई म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर त्या टकटकच्या घरी गेल्या. तिसरा मजला, दारात कुणाच्या तरी सायकलचं चाक. दार तिच्या आईने उघडलं. ताई कुठून आल्या ते ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही उमटलं नाही.

"आत आहे. दोन कॉलेजं अशीच सोडली तिने. दोन्ही वेळा शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर. आधी एवढी धावते, आम्हालाच दम लागतो. मग एकदम बसते."

टकटक पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. खोली व्यवस्थित होती, केस विंचरलेले होते. आजारपणाची काही खूण नव्हती.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे."

"मग?"

"सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंय. ते लोक विचारणार, हे असंच का केलंत. मला नाही जमणार." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "नको, काही समजावू नका, ताई. आईचं सगळं बोलून झालंय."

"मी समजवायला नाही आले. मी तुझं दोन दिवसांचं काम पुसलं, ते सांगायला आले."

टकटकने पहिल्यांदा मान वळवली. "काय?"

"जबरदस्तीने ठेवलं. ते नको म्हणत होतं."

"लाल अक्षरं आली असतील ना?"

"आली होती."

"आणि तुम्ही वाचली नाहीत? तुम्ही?"

ती हसायला लागली, चांगली खळखळून. बाहेरून आई डोकावून गेली. मग टकटकने लॅपटॉप ओढला, दहा मिनिटं खोलीत तो ओळखीचा आवाज झाला आणि सगळं काम जागच्या जागी परत आलं.

दाराशी ताईंनी विचारलं, "उद्या येशील?"

"नाही."

ताईंनी आग्रह केला नाही. जबडा मिटून बसलेल्या माणसाचं माप घेता येत नाही, हे त्यांना जुन्या धंद्यातूनच ठाऊक होतं. जिना उतरताना त्यांना वाईट वाटलं, आणि काम परत मिळाल्याचं बरंही वाटलं. दुसरं जास्त होतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

सादरीकरणाला चार कंपन्यांची माणसं आली. प्रत्येक गटाला सात मिनिटं. ताईंचा आवाज पहिल्या मिनिटात दोनदा चिरकला, मग सरळ झाला. फोटोवाल्यांनी रंग दाखवले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने विचारलं, "चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी हे छत्री शोधून देतंय. हा भाग कुणी लिहिला?"

"आमच्यातली तिसरी मुलगी आहे, तिने. ती आज आलेली नाही."

त्या माणसाने नाव लिहून घेतलं. पंधरवड्यात टकटकला त्याच्याकडे नोकरी लागली, सगळ्या तुकडीत पहिली. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं आणि त्याने मागितलंही नाही. तिथे सगळ्यांसमोर उभं राहायचं काम नव्हतं.

डेपोतल्या काकांनी तो प्रोग्रॅम तीन आठवडे वापरला आणि परत वही उघडली. ताई विचारायला गेल्या.

"अहो, ते मशीन दर वेळी विचारतं, छत्रीचा रंग कुठला. काळा! सगळ्या काळ्या. तीनशे छत्र्या आणि तीनशे वेळा काळा. मला वेड लागेल."

ताईंनी घरी जाऊन रंगाशेजारी मुठीचा आकार विचारणारा रकाना केला. काका पुन्हा वापरायला लागले. वही मात्र त्यांनी मिटली नाही. दोन्हीकडे लिहीत राहिले.

ताईंना नोकरी लागायला आठ महिने लागले. सत्तरच्या वर अर्ज केले, त्यातल्या बहुतेकांना उत्तर म्हणून आलं नाही. तोवर त्या एका चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काचा बसवून देत होत्या. एका मुलाखतीत फळ्यावर कोडं घातलं, ते अर्धं सुटलं. दुसऱ्या एका ठिकाणी कोवळ्या दाढीच्या साहेबाने अदबीने विचारलं, की इतक्या तरुण लोकांशी तुम्हाला जुळवून घेता येईल का. "वीस वर्षं सासूबाईंशी घेतलंय," असं ताईंच्या तोंडून गेलं. सगळे हसले. नोकरी मिळाली नाही.

"चौदा आठवडे म्हणाली होतीस," सासूबाई म्हणाल्या.

"शिकायचे चौदा, आई. लागायचे वेगळे."

"ते त्यांनी सांगितलं नव्हतं का?"

"मी विचारलं नव्हतं."

शेवटी औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम जमलं. मुलाखतीत त्यांनी ताईंसमोर पडद्यावर आपल्या प्रोग्रॅमचं एक पान उघडून ठेवलं आणि सांगितलं, तासाभरात यातल्या चुका शोधा. ताईंनी एकोणतीस काढल्या. प्रत्येकीखाली लिहिलं: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यातल्या सात कंपनीला माहीत नव्हत्या. त्यांना घेतलं ते चुका शोधायला, आणि शोधून देणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला. नव्याने काही उभारणारे वेगळे. ताईंनी स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवून घ्यायचं ठरवलं होतं, तसं अगदी झालं नव्हतं, आणि काही दिवस ते त्यांना लागलं. मग कामाच्या गडबडीत ते मागे पडलं. पहिल्याच आठवड्यात एका पोराने त्यांची तक्रार परत पाठवली, वर शेरा मारून: 'माझ्या मशीनवर चालतंय.' ताईंनी उलट लिहिलं, 'मग गिऱ्हाइकांना तुमच्याच टेबलावर बोलवू या का?' तेव्हापासून तो त्यांच्या तक्रारीत लिहिलेलं आधी करून बघायचा आणि मग भांडायला यायचा.

दीड वर्षाने हसऱ्या बाईंचा फोन आला. नवी तुकडी बसतेय, पहिल्या दिवशी दहा मिनिटं बोलायला याल का? "इथे येताना काय अपेक्षा ठेवायची, एवढंच. जरा उमेद येईल असं बोला."

ताई जेवणाच्या सुट्टीला रजेचे दोन तास जोडून गेल्या. पंचवीसेक चेहरे होते. ताईंनी सांगितलं, की वर्ग सुरू होतो त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यात धुकं येतं, ते सगळ्यांनाच येतं. शेजारचा वेगवान असेल तर जपा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की चौदा आठवडे तुम्ही घरात असून नसल्यासारखे असाल. एवढं बोलून त्या बसायला निघाल्या, तेवढ्यात मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "तुमच्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली?"

हसऱ्या बाई घाईने म्हणाल्या, "प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो."

"बावीस होतो," ताई म्हणाल्या. "पंधरा शेवटपर्यंत होतो. वर्षभरानंतर सहा जण प्रोग्रॅम लिहीत होते. चौघं माझ्यासारखे, त्याच्या आजूबाजूला. पाच जण परत जुन्या कामावर, नाहीतर तिसरंच काहीतरी. शिवाय एकीला शेवटपर्यंत न येताच लागली, ती यात धरलेली नाही."

खोलीत कुणी वहीत लिहून घेतलं, कुणी शेजाऱ्याकडे बघितलं. वाचासर भिंतीशी उभे होते. त्यांनी काहीच केलं नाही, नेहमीसारखं. हसऱ्या बाईंनी आभार मानले. पुन्हा कधी बोलावलं नाही.

जिन्यात एक बाई मागून आल्या. चाळिशीच्या असाव्यात, बेकरीत पाव भाजण्याचं काम करत होत्या, मनगटावर भाजल्याचे डाग.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण मग मी करू की नको?"

"रोज सकाळचे दोन तास एकटीला मिळतील तुम्हाला?"

"सकाळी तर भट्टी असते."

"मग आधी ते बघा. बाकीचं येतं."

त्या बाई पायरीवर उभ्या राहून विचार करत होत्या. ताईंना थांबायचं होतं, पण तीन वाजता प्रोग्रॅमची नवी आवृत्ती औषधांच्या दुकानांना जायची होती, आणि सकाळी सापडलेली एक चूक अजून तशीच होती. त्या फर्निचरच्या दुकानातून वाट काढत रस्त्यावर आल्या आणि बस दिसली म्हणून पळाल्या.